चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचं मशीन

अगं, तू पाठवलेलं कोटेशन वाचलं. देखणं आहे खरंच. पहिल्या पानावर तुझ्या दुकानाचं नाव सोनेरी अक्षरांत, मग टचस्क्रीन, बिल छापायचं मशीन, बारकोड स्कॅनर, वेबसाइट, वर्षाचा मेंटेनन्स आणि सगळ्यात शेवटी ‘आपले स्वतःचे मोबाइल ॲप’. बेरजेच्या खाली बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’. आणि विकायचं काय, तर कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, दोन चटण्या, उन्हाळ्यात पापड-कुरडया. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असं आपण लोकांना हसायचो. तुझ्याकडे तर मसालाच चार आण्यांचा, वर बारा आण्यांचं मशीन!

रागावू नकोस. कोटेशन घेऊन येणाऱ्या मुलाचंही काही चुकलेलं नाही. त्याला टार्गेट असतं आणि मार्चअखेर जवळ आली की ते मानेवर बसतं. म्हणून संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोच ही मंडळी दुकानाच्या पायऱ्या चढायला लागतात. नेमकी तीच तुझी मिरची भरायची वेळ. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, शिवाय धणे, खोबरं. सगळं आत्ता रोखीनं घ्यायचं आणि वर्षभर विकायचं. तुझ्या धंद्यातला पैसा मिरचीत असतो. तो टचस्क्रीनमध्ये अडकला की मे महिन्यात गिऱ्हाईक दारात आणि पोतं रिकामं, नाहीतर व्यापाऱ्याकडून उधारीवर चढ्या भावाची मिरची. हा खर्च कोटेशनच्या बेरजेत कुठे दिसत नाही आणि मला धास्ती वाटते ती त्याचीच.

मी दिवसभर करसल्लागाराच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांची बिलं लावते, तुला माहीतच आहे. तिथे येणाऱ्या छोट्या दुकानदारांना मी एकच गोष्ट सांगते: मशीनची किंमत रुपयांत मोजू नका, मालात मोजा. समज, सगळा खर्च वजा जाता किलोमागे तुझ्या हातात ८० रुपये उरतात. मग १ लाख २० हजारांचं कोटेशन म्हणजे दीड हजार किलो मसाला. तोही आत्ता विकतेस त्याच्यावर जादा. ‘महिन्याला फक्त ५०० रुपये’ म्हणजे वर्षाला ७५ किलो. त्या मशीनमुळे एवढा माल जादा विकला जाणार आहे का, किंवा एवढ्या मालाचं नुकसान टळणार आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचं पान उलटायचं कारण नाही. आणि तो ‘जीएसटी वेगळा’ आहे ना, तो १८ टक्के आहे. जीएसटीच्या नियमित योजनेतल्या दुकानदाराला त्याची वजावट मिळते. तुझी नोंदणीच नाही, म्हणजे तुला तो निव्वळ खर्च.

आता त्या कोटेशनवाल्या मुलानं तुला काय काय सांगून घाबरवलंय ते एकेक घेऊ, कारण अर्धी खरेदी भीतीपोटी होते.

‘३१ मार्चच्या आत घ्या, टॅक्स वाचेल.’ कोणाचा टॅक्स, बाई? नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर वैयक्तिक करदात्याला रिबेटमुळे कर भरावाच लागत नाही. तुझा नफा त्याच्या आसपासही नाही. जो कर नाही तो वाचवणार कसा? बरं, उद्या धंदा वाढला असं धरू. आपण तुझं विवरणपत्र अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत भरतो, ज्याला सगळे ‘४४ एडी’ म्हणतात. तिच्यात उलाढालीचे ठरावीक टक्के हाच नफा धरतात, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेचे किमान ६ टक्के आणि रोखीचे किमान ८. त्यातून कॉम्प्युटरचा घसारा वेगळा मागता येत नाही, तो आधीच धरलेला असतो. आणि पूर्ण हिशेब ठेवणाऱ्यांचंही ऐक. कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के आहे खरा, पण वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच मिळतो. मार्चमध्ये घेतलेलं मशीन ३१ तारखेपर्यंत १८० दिवस कसं वापरणार? त्याच्या ‘मार्चच्या आत’मध्ये घाई आहे ती त्याच्या टार्गेटची.

‘जीएसटीला हे सॉफ्टवेअर कंपल्सरी आहे.’ महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्याशिवाय नोंदणी लागत नाही. तुझी त्याच्या निम्मीही नाही. एका ठिकाणी मात्र जपून. मसाला राज्याबाहेर विकत पाठवलास तर ही ४० लाखांची सवलत चालत नाही, तिथे पहिल्या पुड्यापासून नोंदणी लागते. बेळगावच्या त्या वाण्यानं माल मागवलाय म्हणालीस ना, त्याला हो म्हणण्याआधी मला फोन कर. त्या फोनला पैसे पडत नाहीत. आणि पुढे नोंदणी करायची वेळ आलीच तर दीड कोटींच्या आत कंपोझिशन योजना आहे. तुझ्यासारख्या उत्पादकाला उलाढालीवर १ टक्का, कर तिमाहीला, विवरणपत्र वर्षातून एकदा. मात्र तिच्यात राज्याबाहेर विकता येत नाही, हे बेळगावच्या हिशेबात धरायचं. ती योजना घेतलीस तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही आणि टॅक्स इन्व्हॉइसही द्यायचं नाही, साधं बिल ऑफ सप्लाय चालतं. छापील बिलबुकात होतं ते.

ई-इन्व्हॉइस? ऑगस्ट २०२३ पासून ते ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना आहे. ‘एडिट लॉग, म्हणजे नोंदीत केलेल्या बदलांचा माग, सक्तीचा झालाय’? हो, १ एप्रिल २०२३ पासून, पण कंपन्यांना. तू कंपनी नाहीस, एकल मालकीचं दुकान आहे तुझं. ‘सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, आता नवी आवृत्ती घ्यावीच लागेल’ असंही कोणी तुला सांगेल. २२ सप्टेंबरला दर बदलले हे खरं, फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. पण मसाला आधीही ५ टक्क्यांत होता आणि आताही तिथेच आहे, पापडाला शून्य. आणि ज्यांचा दर बदलला त्यांनाही सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंच्या यादीत एक आकडा बदलायचा होता, नवं सॉफ्टवेअर घ्यायचं नव्हतं.

उद्यमचंही सांगून ठेवते. छोट्या उद्योगांची ही सरकारी नोंदणी जुलै २०२० पासून आहे, आधार क्रमांकावर होते, तिला सरकारी फी शून्य आणि नूतनीकरणही नाही. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट्स ढीगभर आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर आधार क्रमांक टाकूसुद्धा नकोस. आमच्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी पैसे भरून काढलेलं ते प्रमाणपत्र घेऊन येतं, वर लॅमिनेट केलेलं.

म्हणून ‘नियमच आहे’ असं कोणी म्हणालं की वाद घालू नकोस. ‘कुठल्या कायद्यात आहे ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, ताईला दाखवते’ एवढंच म्हण. बहुतेक वेळा तो मेसेज येत नाही.

बरं, आता मला सांग, तुझ्या काउंटरवर यूपीआयचे तीन बोर्ड आणि तीन साउंडबॉक्स कशाला? गेल्या वेळी आले तेव्हा एकाच गिऱ्हाइकाचे पैसे कुठल्या डब्यात बोलले ते शोधायला तू आणि सासूबाई दोघी वाकून बघत होतात. कुठलाही क्यूआर कुठल्याही ॲपमधून चालतो. सगळ्या कंपन्यांनी तसेच क्यूआर ठेवायचे, याला रिझर्व्ह बँकेनं ३१ मार्च २०२२ ची मुदत दिली होती. म्हणजे फोनपेवाल्यासाठी वेगळा, गुगल पेवाल्यासाठी वेगळा अशी गरजच नाही. बँक खात्यातून यूपीआयनं आलेल्या पैशांवर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून शुल्कही नाही. खर्च आहे तो त्या डब्यांच्या भाड्याचा. एक डबा ठेव, तो लागतोच. गर्दीत कोणी जुना स्क्रीनशॉट दाखवून पुढे जाऊ नये म्हणून. बाकीचे दोन परत कर आणि परत केल्याची पावती किंवा मेसेज जपून ठेव. नाहीतर डबा जातो आणि भाडं कापायचं चालूच राहतं. कार्ड स्वाइप मशीन घ्यायच्या आधी एक महिना कागदावर रेघा मार, किती जणांनी ‘कार्ड चालतं का’ विचारलं ते. मला वाटतं, तुझ्या गल्लीत त्या रेघांची बेरीज एका हाताच्या बोटांवर होईल.

हे महिन्याचे छोटे हप्तेच खरे खातात. एकदम लाख रुपये जायचे असतील तर माणूस चार जणांना विचारतो. ९९ रुपयांसाठी कोण विचारणार? मोबाइलवरचं साठवणुकीचं पॅकेज, फोटो सजवायचं ॲप, कधीतरी फुकट चाचणीसाठी घेतलेलं आणि विसरलेलं बिलिंग, पुतण्यानं तुझ्या फोनवरून चालू केलेलं आणखी काही. अशी आपोआप वसुली होण्याआधी निदान २४ तास तुला सूचना आली पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून आहे. ती सूचना एसएमएसच्या गर्दीत येऊन पडते आणि आपण ती जाहिरात समजून सोडून देतो. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ म्हणून यादी असते, तिथून एकेक बंद करता येतं. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’वर भाळू नकोस. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज कुठेतरी प्रोसेसिंग फीत, नाहीतर न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं.

वेबसाइट आणि ॲपवर जरा निवांत बोलायचंय, कारण तुझा जीव तिथे अडकलाय हे मला कळतंय. स्वतःचं ॲप फोनवर दिसणार, मुलगी कॉलेजात दाखवणार. पण बघ, बाई वर्षाचा मसाला एकदा नेते, फार तर दिवाळीच्या आधी पुन्हा येते. तेवढ्यासाठी ती फोनमध्ये तुझं ॲप घेईल? तिच्या फोनमध्ये जागा नाही म्हणून ती नातवाचे फोटो पुसत असते. आणि ॲप एकदा करून संपत नाही. गुगलच्या स्टोअरवर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच, पण ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. शिवाय अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांसाठी ॲप वेळोवेळी जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर नव्या फोनवर ते दिसेनासं होतं. त्या जुळवण्याचे पैसे दरवेळी तू देणार. ॲप नको. यात माझं दुसरं मत नाही.

तुला हवं ते सगळं व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आहे. हे ॲप २०१८ पासून फुकट मिळतं. मालाची यादी फोटो आणि भावासकट लावता येते, ‘ऑर्डर आली’, ‘पैसे बाकी’ अशी लेबलं लावता येतात, ‘पार्सल कधी मिळेल’ अशा रोजच्या प्रश्नांची उत्तरं साठवून ठेवता येतात. एकाच वेळी सगळ्यांना कळवायचं तर ब्रॉडकास्ट यादी कर. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुझा नंबर साठवलाय त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून पुड्यावर ‘हा नंबर मसाल्याच्या नावानं सेव्ह करा’ असं छापून घे. हजारो लोकांना एकदम मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर कोणी स्वस्तात देऊ केलं तर त्याला दारातूनच परत पाठव. व्हॉट्सॲपनं नंबर बंद केला तर तुझी इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं त्या नंबरासोबत जातील.

गुगलवर दुकानाची नोंद करायलाही पैसे पडत नाहीत. पत्ता, वेळ, चार चांगले फोटो टाक आणि ओळखीच्या बायकांना खरं असेल ते लिहायला सांग. ‘तुमची गुगल लिस्टिंग बंद होणार आहे, फी भरा’ असा फोन आला तर ठेवून दे.

पण हे फुकटचंही एका अंगानं तपासायचं असतं. गुगलच याच नोंदीवरून छोट्या दुकानांना एक फुकट वेबसाइट करून द्यायचं. मार्च २०२४ मध्ये ती सोय त्यांनी बंदच केली. ज्यांनी तो पत्ता पिशव्यांवर, पाटीवर छापला होता त्यांच्या पिशव्या तशाच राहिल्या. तेव्हा छापायचा असेल तर स्वतःचा डोमेन छाप. ‘डॉट इन’ला वर्षाला हजाराच्या आतबाहेर पडतात. पहिल्या वर्षाचा भाव कमी दाखवतात, तर नूतनीकरणाचा भाव आधी विचार. एकदा डोमेन घेतलास की तो आज व्हॉट्सॲपच्या यादीकडे वळव, उद्या खरी वेबसाइट झाली तर तिकडे. पत्ता तोच राहतो.

आणि तो डोमेन तुझ्या नावावर हवा. करून देणाऱ्याच्या नाही, पुतण्याच्या मित्राच्या तर नाहीच नाही. आमच्याकडे साड्यांच्या दुकानाचं एक खातं आहे. त्यांची वेबसाइट करणारा मुलगा दुसऱ्या शहरात निघून गेला आणि डोमेन त्याच्या ईमेलवर. खोक्यांवर पत्ता छापून झालेला. आता नूतनीकरणाच्या वेळी तो मागेल तो भाव. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. तुझ्या व्हॉट्सॲपचं सिम कोणाच्या नावावर आहे? गुगलवरच्या नोंदीचा मुख्य मालक कोणाचा ईमेल? साउंडबॉक्स कोणाच्या खात्याला जोडलाय? जिथे उत्तर ‘मी’ नसेल तिथे ते ‘मी’ करून घे. या कामाला पैसे लागत नाहीत, दोन-चार फोन आणि थोडा वाईटपणा लागतो.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरचंही तेच. ते घ्यायचं कसं हे येणारा माणूस सांगेलच. ते सोडायचं कसं हे तू विचार. ‘दोन वर्षांनी मला बंद करायचं असेल तर माझी सगळी बिलं, गिऱ्हाइकांची नावं, उधारी, शिल्लक माल एक्सेलमध्ये बाहेर कशी काढायची ते आत्ता, माझ्यासमोर करून दाखवा.’ हे वाक्य म्हण आणि गप्प बस. जो करून दाखवतो त्याच्याशी पुढे बोलायचं.

खरं तर तुला अजून सॉफ्टवेअर नको, वही हवी. हसू नकोस. तुझे पैसे नक्की गळतात कुठे, हे तुला तरी सांगता येईल का? मला वाटतं उधारीत. सासूबाईंची ती लाल वही मी चाळली आहे. ‘कोपऱ्यावरची वहिनी, २ किलो’ अशी नोंद, ना तारीख ना भाव. यातली कोपऱ्यावरची वहिनी कुठली हे फक्त सासूबाईंना माहीत. ही वही कुठल्याही टचस्क्रीनमध्ये भरलीस तरी उधारी वसूल होणार नाही, फार तर ती रंगीत दिसेल. या उन्हाळ्याच्या सीझनभर नवी वही घाल. तारीख, नाव, फोन, माल, रोख की यूपीआय की उधार. रोज रात्री गल्ला आणि वही जुळव. मेअखेरीस तुला कळेल की त्रास बिल लिहिण्याचा आहे, उधारीचा आहे, की कुठला पुडा संपला ते वेळेवर न कळण्याचा. बिल लिहिण्याचा असेल तर मोबाइलवरचं साधं बिलिंग ॲप पुरेल. उधारीचा असेल तर दर शनिवारी पाच फोन करणं एवढंच औषध. माल संपण्याचा असेल तर फळीवर खडूनं आकडा लिहिलास तरी चालेल. यातलं काहीच पुरलं नाही तर आपण टॅली घेऊ. ते आधी शिकायला त्याची एज्युकेशन आवृत्ती फुकट मिळते, फक्त तिच्यात महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांच्या नोंदी होतात. शिकायला तेवढं खूप. तोवर एक्सेल किंवा फुकटचं लिब्रेऑफिस. चोरीचं, क्रॅक केलेलं मात्र काही घालू नकोस. त्याच मशीनवर तू बँक उघडतेस.

बारकोडचा हट्ट सोड. मॉलला किंवा मोठ्या ऑनलाइन दुकानाला माल द्यायचा झाला तर जीएस१ इंडियाकडून ८९० नं सुरू होणारे आकडे घ्यावे लागतील, तेव्हा घेऊ. स्वतःच्या काउंटरवर दहा जातींचे पुडे ओळखायला तुला स्कॅनर कशाला?

जुन्या कॉम्प्युटरबद्दल तो कोटेशनवाला म्हणाला ते अर्धं खरं आहे. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टनं नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती देणं थांबवलं. म्हणजे त्यावर बँकेचं काम करणं बरं नाही. पण म्हणून तो भंगारात घालायचा नाही. दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला विचार, विंडोज ११ बसतं का. बसत असेल तर काम झालं. नसेल तर घरगुती वापराच्या मशीनला ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्ती घेता येते, किंवा लिनक्स घालता येतं. आणि तो हळू चालतो ही तक्रार असेल तर आतली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसव. नवा घ्यायच्या मानानं अगदीच किरकोळ खर्च, आणि मशीन तुला ओळखू येणार नाही असं पळेल.

प्रिंटरमध्ये लोक हमखास फसतात. महिन्यातून चार कागद काढायला इंकजेट घेतात, शाई वाळते, आणि नव्या कार्ट्रिजचा भाव ऐकून प्रिंटरच माळ्यावर जातो. चार कागद कोपऱ्यावर झेरॉक्सवाल्याकडून काढ. बिलाचा थर्मल प्रिंटर पुढे घेतलास तर दोन इंची छोटा पुरे, शाई लागत नाही. पण थर्मलची अक्षरं काही महिन्यांत उडतात. तुला मिळालेली खरेदीची बिलं तशी असतील तर त्याच दिवशी फोटो काढून ठेव. जीएसटीत गेलीस तर कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि कोरा कागद कोणी मान्य करत नाही. पुड्यावरच्या तारखेसाठी कोडिंग मशीनही नको. पाकिटं आणि स्टिकर प्रेसमधून छापून घे आणि महिना-वर्ष, भाव यांचा रबरी शिक्का कर. छापलेलं वाचता आलं पाहिजे, मशीननं छापलं की हातानं हे कोणी बघत नाही.

आता जावईबापूंचा आवडता विषय, अनुदानातलं कांडप मशीन. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची ती पंतप्रधानांच्या नावाची योजना २०२० मध्ये आली. तिच्यात ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. चांगली योजना आहे, आमच्याकडच्या दोघींचं तिनं भलं केलंय. पण उरलेले ६५ टक्के कोणाचे? आणि अनुदान हातात येत नाही. ते बँकेत बाजूला राहतं आणि तीन वर्षं कर्जखातं नियमित, उद्योग चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. मशीन वर्षातले आठ-नऊ महिने झाकून ठेवायचं आणि हप्ता बाराही महिने. सध्या तू गिरणीत कांडून आणतेस, किलोमागे पैसे देतेस. ती गिरणी तुला पुरेनाशी झाली, रांगेमुळे ऑर्डर बुडायला लागल्या, की मग घ्यायचं. तेव्हा अर्ज मी स्वतः भरून देईन. लिज्जत पापडाचं उदाहरण आठव. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलं. एवढी मोठी संस्था झाली तरी पीठ शाखेतून न्यायचं आणि पापड घरी हातानं लाटायचे, ही पद्धत त्यांनी मोडली नाही. लाटायचं मशीन परवडलं नसतं का त्यांना?

कुठे हात आखडायचा नाही तेही सांगते, नाहीतर म्हणशील ताई चिक्कू. पिशवी सील करायचं मशीन चांगलं घे. मसाल्याला दमट हवा लागली तर सगळंच गेलं. कॉम्प्युटरला यूपीएस लाव, वीज जाते-येते त्यात डिस्क मरते. हिशेबाची नक्कल दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर आणि गुगल ड्राइव्हवर ठेव. १५ जीबी फुकट मिळतात, तुझ्या हिशेबाला आयुष्यभर पुरतील. एक बरा फोन, दिवसाच्या उजेडात मसाल्याचा रंग खरा दाखवणारा. आणि इलेक्ट्रॉनिक काटा. तो चांगला असावाच, पण त्यावर वैधमापनचा शिक्काही दरवर्षी लागतो, तोच बहुतेक जण विसरतात. तुझं प्रमाणपत्र काउंटरच्या मागे देवाच्या फोटोशेजारी टांगलंय. त्यावरची तारीख बघ आणि मुदत टळली असेल तर उद्याच काटा पास करून आण.